आखातात कामाला जाणाऱ्यांशी आणि त्यांच्या घरच्यांशी चार गोष्टी

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला आहे, परदेशात नव्याने नोकरीस लागणाऱ्या कामगारांना मार्गदर्शन. मार्गदर्शन हा शब्द फार मोठा आहे. मी वायरमन माणूस. बावीस वर्षे दुबई आणि शारजा येथे बिल्डिंगच्या कामावर काढली, पाइपातून वायर ओढली, आणि त्या काळात नवीन येणारी पोरे किती पाहिली याची गणती नाही. त्यातली काही पोरे घर बांधून परत आली. काही आली ती डोक्यावर कर्ज घेऊन. दोघांची मेहनत सारखीच होती, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. मग फरक कुठे पडला, तेवढेच सांगण्याचा प्रयत्न करतो. सगळ्या परदेशाविषयी बोलण्याइतके माझे ज्ञान नाही. आपल्या वस्तीतल्या मुलांचा परदेश म्हणजे बहुतेक वेळा आखात, म्हणून मी दुबईचे, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीचे बोलणार आहे. सौदी, कतार, ओमान, कुवेत यांचे कायदे वेगवेगळे आहेत. एका देशातला नियम दुसरीकडे लावू नका.

पहिली गोष्ट मी मुलांना नाही, घरच्यांना सांगणार आहे. रागावू नका. मुलगा तिथे अडकतो तो अरबामुळे कमी आणि इथल्या कर्जामुळे जास्त अडकतो. जो माणूस व्याजाचा पैसा काढून विमानात बसतो, त्याला तिथे गेल्यावर "नाही" म्हणता येत नाही. पगार कमी दिला तरी नाही म्हणता येत नाही, बारा तास राबवले तरी नाही म्हणता येत नाही. कारण इकडे सावकार दारात उभा आहे हे त्याला माहीत असते. हिशेब करा. एक लाख रुपये शेकडा तीन व्याजाने काढले तर महिन्याला तीन हजार नुसते व्याज. वर्षाला छत्तीस हजार. मुद्दल तसेच उभे! त्यात आईची माळ, बायकोचे मंगळसूत्र गहाण. असा मुलगा तापाने फणफणला तरी कामावर जातो.

म्हणून विचारायचा पहिला प्रश्न असा की, एवढा पैसा लागतोच कशाला? आपल्या देशात १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. त्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरणाऱ्या एजंटाकडे सरकारी नोंदणी असलीच पाहिजे. आणि असा नोंदणीकृत एजंट आपल्या सेवेचे जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरचा जीएसटी एवढेच घेऊ शकतो. तेही पावती देऊन. पावतीशिवाय दिलेला पैसा म्हणजे समुद्रात टाकलेला पैसा समजा. तिकडचा कायदाही बघा. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात स्पष्ट आहे की, भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करायचा नाही, सरळही नाही आणि आडमार्गानेही नाही. मग "व्हिसाचे दीड लाख" हे कुठून आले? ते व्हिसाचे नसतात. ते मधल्या चार माणसांचे असतात.

हे मधले लोक परके नसतात, हीच तर अडचण आहे. गावचा असतो, नात्यातला असतो, लग्नात जेवायला बसलेला असतो. "मामा, आपल्याच मुलाला पाठवतोय, पावती कसली मागता?" असे म्हणतो आणि आपण गप्प बसतो. कायद्यात या सब-एजंटला जागाच नाही. नोंदणी ज्याची असेल त्याच्याच ऑफिसात जा, त्याचा नोंदणी क्रमांक आणि मुदत लिहून घ्या आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तो खरा आहे का ते पाहा. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला सांगा, पाच मिनिटांचे काम आहे. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात विदेश भवन आहे, तिथे प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सचे कार्यालय आहे. तिथे जाऊन विचारायला लाजू नका.

आता पासपोर्टाची गोष्ट. ज्यांचे शिक्षण दहावीपर्यंत झालेले नाही त्यांच्या पासपोर्टावर साधारणपणे ईसीआर असा शिक्का असतो. अशा माणसाला आखातासह अठरा देशांत नोकरीसाठी जाताना सरकारची मंजुरी लागते. पुष्कळांना ही मंजुरी म्हणजे कटकट वाटते. आणि एजंट नेमका तिथेच गळ टाकतो. म्हणतो, "फिरायच्या व्हिसावर चल, तिथे गेल्यावर बदलून घेऊ." मित्रांनो, हे एक वाक्य ऐकले की उठून घरी यायचे. फिरायच्या व्हिसावर काम करणे तिथे गुन्हा आहे. मुदत संपली की दिवसाला ५० दिरहम दंड चढतो. आणि कागदावर तुम्ही कामगारच नसता, त्यामुळे पगार बुडाला तर तक्रार कशाच्या जोरावर करणार? मंजुरी घेऊन गेलात तर तुमच्या कराराची नोंद आपल्या सरकारकडे राहते. शिवाय प्रवासी भारतीय बीमा योजनेचा विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये. अपघातात मृत्यू आला किंवा कायमचे अपंगत्व आले तर १० लाखांचे संरक्षण. त्या फॉर्मवर वारस म्हणून कुणाचे नाव लिहिले आहे ते बायकोने स्वतः वाचावे. नवऱ्याच्या मागे दिरांशी भांडत बसण्यापेक्षा आधी वाचलेले बरे. बोलायला वाईट वाटते, पण बोलले पाहिजे.

घरकामाला जाणाऱ्या भगिनींचे नियम याहून कडक आहेत. वयाची अट आहे आणि भरती ठरवून दिलेल्या सरकारी संस्थांमार्फतच होते. कुणी खाजगीत "शेखच्या घरी स्वयंपाकाला" असे सांगत आला तर त्याला दारातूनच परत पाठवा.

निघण्यापूर्वी सरकारतर्फे एक दिवसाचे प्रशिक्षण असते, मोफत असते, मुंबईतही होते. तिथे जाऊन बसा. आणखी एक. ज्याला पूर्वी टीबी होऊन गेला आहे, बरा झाला असेल तरी, त्याने पैसा काढण्याआधी इथे छातीचा एक्स-रे काढून डॉक्टरांना दाखवावा. तिकडे उतरल्यावर पुन्हा रक्त आणि छाती तपासतात. जुना डागसुद्धा अडचण करू शकतो. आपल्या वस्त्यांत टीबी किती घरांत होऊन गेला आहे हे मी वेगळे सांगायला नको. एक्स-रेचे थोडे पैसे आधी खर्च करा, म्हणजे लाख रुपये वाचतील.

आता करारपत्र. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सगळे इथेच आहे.

अमिरातीत कामगार मंत्रालयाचे ठरलेले ऑफर लेटर असते. २०१६ पासून नियम असा आहे की, अरबी आणि इंग्रजीच्या जोडीला कामगाराला समजेल अशा भाषेतही ते दिले पाहिजे. हिंदीत मिळते. मागा. मागितल्याशिवाय कुणी देत नाही. ते वाचताना लोक फक्त एकच आकडा बघतात, एकूण पगार. बाराशे दिरहम म्हटले की मनातल्या मनात रुपयांत गुणाकार सुरू! तो गुणाकार जरा बाजूला ठेवा आणि त्या बाराशेत "बेसिक" म्हणजे मूळ पगार किती ते शोधा.

समजा दोन मुले गेली. दोघांना एकूण १,२०० दिरहम. एकाचा मूळ पगार ७२० आणि बाकीचे भत्ते. दुसऱ्याचा मूळ पगार १,०५०. महिन्याच्या शेवटी दोघांच्या हातात सारखेच पैसे. मग फरक काय? जादा कामाचा पैसा मूळ पगारावर मोजतात, साधारणपणे सव्वापट. ७२० वाल्याचा तास पडतो ३ दिरहमचा, सव्वापटीने ३.७५. महिन्यात ४० तास ओव्हरटाइम केला तर १५० दिरहम. १,०५० वाल्याला तेवढ्याच तासांचे जवळपास २१९ दिरहम. पुढे नोकरी सोडताना जी ग्रॅच्युइटी मिळते तीही मूळ पगारावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाचे २१ दिवस. पाच वर्षांनी एकाला २,५२० दिरहम, दुसऱ्याला ३,६७५. काम तेच, घाम तोच. एका शब्दाने एवढा फरक पडतो. म्हणून सहीच्या आधी विचारा, "साहेब, बेसिक किती?" एवढे विचारले तरी समोरचा माणूस खुर्चीत सरळ बसतो.

दुसरे, कामाचे नाव काय लिहिले आहे ते बघा. इलेक्ट्रिशियन म्हणून तोंडी सांगायचे आणि कागदावर हेल्पर लिहायचे हा जुना प्रकार आहे. राहणे कुणाचे, जेवण कंपनीचे की आपले, साइटवर न्यायला गाडी आहे का, दवाखान्याचा विमा, परतीचे तिकीट, वर्षाची रजा हे सगळे कागदावर हवे. एक वर्ष पूर्ण झाल्यावर वर्षाला ३० दिवसांची भरपगारी रजा कायद्याने आहे. कामाचे तास दिवसाला आठ, आठवड्याला ४८. हा ४८ चा आकडा आपल्याला नवा नाही. १९४६ साली आपल्या देशातल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याचे ५४ तासांचे ४८ झाले. ते विधेयक मांडले गेले तेव्हा मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. तेव्हा आठ तासांचा हिशेब मागताना आपण कुणाकडे भीक मागतो आहोत असे वाटून घेऊ नका.

तिथे उतरल्यावर कधी कधी दुसराच कागद पुढे करतात. पगार कमी केलेला असतो. "सही कर, नाहीतर उद्याचे विमान," असा दम देतात. आमच्या कॅम्पात एक विशीतला पोरगा आला होता, कोकणातला. त्याने निघण्यापूर्वी ऑफर लेटरचा फोटो काढून बहिणीला पाठवून ठेवला होता. कंपनीच्या क्लार्कने नवा कागद काढल्यावर याने आवाज चढवला नाही, भांडला नाही. मोबाइलवर पहिला कागद काढून दाखवला आणि म्हणाला, "सर, मंत्रालयात हा आहे." त्या क्लार्कने नवा कागद गुपचूप घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. त्याच दिवशी आलेल्या बाकीच्या तिघांनी सह्या करून टाकल्या होत्या. तिघांवरही कर्ज होते आणि कागद एजंटाकडेच राहिले होते.

म्हणून पासपोर्ट, व्हिसा, ऑफर लेटर, विमा, शिक्षणाचे दाखले या सगळ्यांच्या तीन प्रती करा. एक सोबत, एक घरी आणि एक फोटो काढून मोबाइलवर. पासपोर्ट मालकाने स्वतःकडे अडकवून ठेवणे तिथल्या कायद्याला मंजूर नाही. तरी पुष्कळ ठिकाणी "सेफ ठेवतो" म्हणून घेतात. कामासाठी द्यावाच लागला तर कोणत्या तारखेला, कुणाला दिला ते लिहून ठेवा आणि काम झाले की परत मागा. कोऱ्या कागदावर सही नाही. फक्त अरबीत असलेल्या कागदावरही समजून घेतल्याशिवाय सही नाही. नोकरी सुटताना "सर्व पैसे मिळाले" या कागदावर पैसे हातात पडल्यावरच सही करायची.

आता बॅग भरण्याविषयी, म्हणजे आया-बहिणींचे खाते. चटण्या, लोणचे जरूर द्या. पण खसखस देऊ नका! तिकडे खसखस अफूच्या वर्गात धरतात, बंदी आहे, आणि त्यापायी लोक तुरुंगात गेले आहेत. नुसत्या पुडीतलीच नव्हे. दिवाळीचे अनारसे आपण खसखशीवर थापतो, ते देऊ नका. मसाल्यात खसखस टाकली असेल तर तो मसालाही नको. गुटखा, पान नको. खोकल्याच्या कोडीनच्या बाटल्या आणि ट्रामाडोलसारख्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि तिथली आगाऊ परवानगी असल्याशिवाय नेऊ नका. आणि कुणीही, अगदी शेजारच्या काकूंनी जरी "आमच्या भाच्याला एवढं पार्सल द्या" म्हटले, तरी ते उघडून पाहिल्याशिवाय घ्यायचे नाही. वाईट वाटले तर वाटू द्या.

दुबईत मजुरांचे एक मोठे वसतिस्थान आहे, त्याला लोक सोनापूर म्हणतात. मुंबईकरांना सोनापूर म्हटले की मरीन लाइन्सचे स्मशान आठवते, म्हणून आपली माणसे पहिल्यांदा नाव ऐकून दचकतात. कॅम्प म्हणजे एका खोलीत सहा-आठ माणसे, वर-खाली खाटा, कॉमन संडास-बाथरूम, सामाईक स्वयंपाकघर. खोलीत नेपाळी असेल, पाकिस्तानी, बांगलादेशी असेल. भाषेची चिंता करू नका, हिंदीवर दुबई चालते. हत्यारांची आणि धोक्याच्या पाट्यांची इंग्रजी नावे मात्र इथूनच पाठ करून जा. अरबी शब्द आठ दिवसांत कानावर पडून येतात, मुदीर म्हणजे साहेब, मोया म्हणजे पाणी.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण मुले खाजगीत विचारतात. तिथे जात विचारतात का? अरब विचारत नाही, त्याला त्यातले कळत नाही. फिलिपिनो फोरमन विचारत नाही. विचारतात ती आपलीच माणसे. आडनाव विचारतात, गाव विचारतात, मग तालुका विचारतात, आणि संध्याकाळी एकत्र जेवणाची मेस कुणाबरोबर लावायची ते ठरते. मी खाटेशी बाबासाहेबांचा लहान फोटो ठेवला होता आणि विचारण्याआधीच नाव-गाव सांगून टाकत असे. एकदा सांगून टाकले की कुजबुज करायला काही उरत नाही. माझ्या मेसमध्ये सात वर्षे एक केरळचा मुसलमान आणि दोन नेपाळी होते. भात आम्ही एकाच पातेल्यात शिजवला. खोलीत ज्याचा त्याचा देव, ज्याची त्याची वंदना. पण धर्मावरून वाद नको आणि मोबाइलवर कुणाच्या धर्माविषयी, त्या देशाविषयी काही लिहिणे तर मुळीच नको. नुसती शिवी व्हॉट्सअॅपवर पाठवली तरी तिथे खटला होतो.

दारूचे काय? शारजात पूर्ण बंदी आहे. कॅम्पात चोरून हातभट्टीची मिळते, विकणाराही आत जातो आणि पिणाराही. पाचवे शील इथे पाळत असाल तर तिथेही उपयोगी पडेल, नसाल पाळत तर तिथे जाऊन शिका. एवढेच बोलतो, नाहीतर माझे भाषण भन्तेंचे प्रवचन होईल.

कामावरचे पहिले तीन महिने नीट ऐका. येत नाही ते येते म्हणू नका. विजेच्या कामात तर नाहीच नाही. फोरमन एकदा रागावेल आणि शिकवेल. खोटे बोललात तर हात जळेल, नाहीतर दुसऱ्याचा जीव जाईल. उंचीवर चढताना पट्टा कमरेला नुसता बांधू नका, वर अडकवा. मी पाहिले आहे, पट्टा असतो पण हूक खिशात असतो.

ऊन हा वेगळाच शत्रू आहे. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम घेण्यास अमिरातीत बंदी आहे. तो नियम पाळतात, कारण दंड जबर आहे. पण सकाळी अकराचे ऊनही आपल्या वैशाखाला लाजवते. तहान लागण्याची वाट न बघता पाणी प्यायचे. लघवी पिवळीधमक झाली की समजायचे पाणी कमी पडते आहे. मीठ-साखरेचे पाणी, लिंबू, ताक जे मिळेल ते. चक्कर आली, घाम यायचा बंद झाला, बोलणे अडखळू लागले, तर तो माणूस कामचुकार नव्हे. त्याला ताबडतोब सावलीत घ्या, अंगावर पाणी मारा, माणूस बोलवा. वर्षानुवर्षे पाणी कमी पिऊन मूत्रपिंडे खराब झालेली माणसे मी परत येताना पाहिली आहेत.

एक दोन रुपयांची सवय सांगतो. छोटी वही ठेवा. रोज रात्री झोपण्यापूर्वी तीन ओळी लिहायच्या, तारीख, कामावर कधी गेलो, कधी सुटलो. बस्स. ओव्हरटाइमवरून भांडण झाले तर कंपनीकडे हजेरीचा कॉम्प्युटर असतो, तुमच्याकडे ही वही असते. आमच्या इथे एका कंपनीने, नाव घेत नाही, चार महिने ओव्हरटाइम अर्धाच दिला. माझ्या वहीत तारखा होत्या. आम्ही अकरा जण मिळून गेलो, आरडाओरडा केला नाही, वही टेबलावर ठेवली. पुढच्या पगारात सगळा नाही, पण बराच पैसा आला. ज्यांनी लिहिले नव्हते त्यांना "साधारण इतके" म्हणावे लागले. साधारणला कुणी पैसे देत नाही.

पगार रोख हातात नाही, बँकेमार्फत किंवा कार्डावर आला पाहिजे. २००९ पासून तिथे पगारावर सरकारची नजर ठेवणारी पद्धत आहे. कार्ड आणि त्याचा पिन आपल्याजवळच. मित्राला सिमकार्ड, बँक कार्ड, ओळखपत्र वापरायला देऊ नका. त्यावरून कुणी गडबड केली तर पोलीस तुमच्याकडे येतात. नोकरी गेली तर थोडा आधार म्हणून २०२३ पासून एक विमा सक्तीचा झाला आहे. आपल्यासारख्यांना महिना ५ दिरहम. न भरल्यास ४०० दिरहम दंड, म्हणून तो भरला आहे का ते पहिल्याच महिन्यात बघा.

काम पटले नाही, छळ होतो आहे, तर काय करायचे? पळून जायचे नाही. न सांगता सलग सात दिवसांहून जास्त गैरहजर राहिलात की मालक तक्रार नोंदवू शकतो आणि मग बरोबर असूनही तुम्ही चोर ठरता. सुरुवातीचा अजमावणीचा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा. त्या काळात देश सोडून परत यायचे तर १४ दिवसांची लेखी सूचना, तिथेच दुसरीकडे जायचे तर एक महिन्याची. पगार थकला तर कामगार मंत्रालयात तक्रार करता येते, त्याला वकील लागत नाही. दुबईत आपल्या वकिलातीचे प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे, त्याचा मोफत फोन ८०० ४६३४२, रात्रीही लागतो, हिंदीत बोलतात. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा. इकडून घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद या संकेतस्थळावर तक्रार टाकता येते. त्यासाठी मुलाचा पासपोर्ट नंबर आणि कंपनीचे नाव घरी लिहिलेले हवे. पुष्कळ घरांत विचारले तर सांगतात, "दुबईला असतो." दुबईत कुठे? माहीत नाही!

आता परत घरच्यांकडे येतो. मुलगा गेला की पंधराव्या दिवशी फोन जातो, पैसे कधी पाठवतोस? जरा थांबा. तिथे उतरल्यावर तपासणी, बोटांचे ठसे, ओळखपत्र यात दिवस जातात, मग पहिला महिना भरायचा आणि त्यानंतर पगार. पहिले दोन महिने घरी एक पैसा येणार नाही असे धरूनच घर चालवा. त्या वेळी तगादा लावला की तो खोलीतल्या माणसाकडून उसने घेतो आणि तिथे पुन्हा व्याज सुरू होते. पैसे पाठवायचे ते बँकेतून किंवा एक्स्चेंजमधून पावतीने. हवाल्याने दोन रुपये जास्त मिळतात म्हणून मोह नको, बुडाले तर दाद मागायची सोय नाही. जाण्यापूर्वी बँकेत जाऊन एनआरई खात्याचे विचारून घ्या आणि घरखर्चासाठी बायकोच्या स्वतःच्या नावाचे खाते असू द्या. सुनेला दर महिन्याला सासऱ्यापुढे हात पसरावा लागला तर मुलगा तिकडे सुखाने झोपत नाही. हे मी आठ माणसांच्या खोलीत बावीस वर्षे रात्रीचे फोन ऐकून सांगतो आहे.

आणि मुलगा फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाला तर तेवढ्यावर समाधान मानू नका. असे विचारा, "पगाराची तारीख कोणती? या महिन्यात किती आले? पासपोर्ट कुणाकडे आहे? जेवलास काय?" या चार प्रश्नांची उत्तरे पटपट आली तर तो खरेच ठीक आहे. उत्तर द्यायला वेळ लागला तर त्याला सांगा, "बाबा, परत आलास तरी चालेल, कर्जाचं आपण बघू." हे वाक्य घरातून ऐकू आले की माणूस उद्या ऑफिसात जाऊन ताठ उभा राहतो.

वेळ बराच झाला, खिरीचे पातेले आणलेले मला इथून दिसते आहे. ज्यांचे जाण्याचे चालले आहे त्यांनी रविवारी सकाळच्या वंदनेनंतर मला इथेच भेटावे. ऑफर लेटर बरोबर आणा, आपण बसून ओळ न् ओळ वाचू. मूळ कागद आणू नका. झेरॉक्स आणा.

जयभीम! नमो बुद्धाय!